जिंकणे आणि शिकणे : शाळेतील ऑनलाइन शैक्षणिक खेळ

सापशिडीचा पट मांडून दोन मुले खेळावयास बसली, म्हणजे त्यांच्यापैकी जो जिंकतो तो कशाच्या बळावर जिंकतो? अर्थातच फाशाच्या. फासा टाकावयाचा, पडेल तितकी घरे पुढे सरकावयाचे, शिडी लागली तर चढावयाचे आणि सापाच्या तोंडी पडले तर उतरावयाचे, एवढेच खेळणाऱ्याच्या हाती असते. कोणती चाल करावी, असा प्रश्न त्याला एकदाही पडत नाही. याच्या उलट बुद्धिबळाचा पट घ्यावा. तेथे फासा नाही. प्रत्येक खेपेस अनेक चालींतून एक चाल निवडावी लागते आणि त्या निवडीचे बरेवाईट फळ पुढे भोगावे लागते. पाच वर्षांच्या मुलास सापशिडीत घरे मोजावी लागतात, म्हणून त्याच्या दृष्टीने तो खेळही शिक्षणच होय. परंतु सहावी ते आठवीच्या, म्हणजे अकरा ते चौदा वर्षांच्या विद्यार्थ्याला त्यातून नवे असे काही मिळत नाही. खेळ तोच, पण एकाला तो शिकवितो आणि दुसऱ्याचा केवळ वेळ घेतो.

आज देशातील अनेक शाळांत संगणकाची खोली आहे आणि तेथे आठवड्यातून एखाददुसरा तास मुलांना ऑनलाइन शैक्षणिक खेळ खेळावयास मिळतात. ऑनलाइन खेळ म्हणजे दूर कोठेतरी असलेल्या संगणकावर साठविलेला आणि तारांच्या वा लहरींच्या जाळ्यामार्फत शाळेतील पडद्यावर उमटणारा खेळ. पडद्यापुढे बसलेली मुले तल्लीन झालेली दिसतात, गुणांची संख्या वाढत जाते आणि पाहणाऱ्यास वाटते की, अभ्यास उत्तम चालला आहे. तथापि तल्लीनता ही शिक्षणाची खूण असतेच असे नाही. सापशिडी खेळणारी मुलेही तल्लीनच असतात. म्हणून विचारावयाचा खरा प्रश्न निराळा आहे : जे शिकावयाचे आहे ते न शिकताही हा खेळ जिंकता येतो काय? या एका प्रश्नाच्या साहाय्याने शैक्षणिक खेळांची पारख कशी करता येते, हे काही प्रत्यक्ष उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

प्लेटो यंत्रणेवरील शर्यत

जाळ्याने जोडलेल्या संगणकावर मुलांना खेळवून शिकविण्याची कल्पना बरीच जुनी आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर या अभियंत्याने १९६० साली 'प्लेटो' नावाची शिक्षणयंत्रणा सुरू केली. १९७२ च्या सुमारास तिची चौथी आवृत्ती कार्यान्वित झाली. तेव्हा एका मध्यवर्ती मोठ्या संगणकाशी दूरदूरच्या शाळांतील पडदे दूरध्वनीच्या तारांनी जोडले गेले. हे पडदे नारिंगी प्रकाशाचे असून त्यांना बोटाने स्पर्श करून उत्तर देता येत असे.

या यंत्रणेवर बॉनी अँडरसन यांनी रचलेला अंकगणिताचा एक खेळ प्रसिद्ध आहे. पडद्यावर सत्तर घरांची एक वाट असते. विद्यार्थी आणि संगणक हे दोघे प्रतिस्पर्धी होत. प्रत्येक खेपेस तीन फिरत्या चकत्यांवर तीन आकडे येतात. ते तिन्ही आकडे वापरून, बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि कंस यांच्या साहाय्याने खेळणाऱ्याने एक पदावली मांडावयाची आणि तिचे जे उत्तर येईल तितकी घरे पुढे जावयाचे. दर दहाव्या घरी एक गाव असते. नेमके गावातच पाऊल पडले, तर खेळणारा थेट पुढच्या गावी पोचतो. प्रतिस्पर्धी ज्या घरी उभा असेल त्याच घरी पोचल्यास त्याला दोन गावे मागे जावे लागते.

समजा, विद्यार्थी २५ व्या घरी आहे आणि त्याला १, २ व ४ हे आकडे मिळाले. सर्वांत मोठे उत्तर हवे असेल, तर त्याने (१ + २) × ४ अशी मांडणी करावी. उत्तर १२ येते आणि तो ३७ व्या घरी जातो. परंतु त्याने ४ + २ − १ अशी मांडणी केली, तर उत्तर अवघे ५ येते, तो ३० व्या घरातील गावी पोचतो आणि तेथून थेट ४० व्या घरी जातो. लहान उत्तराने मोठी मजल मारली! ही गोष्ट ज्याच्या ध्यानात येते, तो एकच पदावली मांडून थांबत नाही. तो मनातल्या मनात चार-पाच पदावल्या मांडून पाहतो, कंसाची जागा बदलून पाहतो आणि मग निवड करतो. पाठ्यपुस्तकातील वीस उदाहरणांइतका सराव तो कोणी न सांगता करून टाकतो.

तथापि याच खेळात एक उणीव आढळून आली. रिचर्ड बर्टन आणि जॉन सीली ब्राउन या दोन संशोधकांनी १९७० नंतरच्या दशकात हा खेळ खेळणाऱ्या मुलांचे बारकाईने निरीक्षण केले. पुष्कळ मुले एकच ठराविक मांडणी हाती धरून बसत आणि प्रत्येक खेपेस तीच वापरीत. त्यांचा डाव चालू राही, कधी कधी ती जिंकतही. पण गणिताचा नवा विचार मात्र त्यांच्याकडून होत नसे. यावर उपाय म्हणून या संशोधकांनी संगणकातच एक मार्गदर्शक योजला. विद्यार्थ्याची चाल आणि त्या वेळी शक्य असलेली उत्तम चाल यांची तुलना करून तो योग्य क्षणी सूचना देई. पण हा मार्गदर्शक उठल्यासुटल्या बोलत नसे. प्रत्येक चुकीवर टोकल्यास खेळाचा आनंद नाहीसा होतो, म्हणून सुचविलेली चाल विद्यार्थ्याच्या चालीहून स्पष्टपणे सरस असेल तेव्हाच त्याने बोलावे, असा नियम घालण्यात आला. वर्गातील शिक्षकासही हा नियम उपयोगी पडण्याजोगा आहे.

चूक कशी सांगावी?

प्लेटो यंत्रणेवरीलच दुसरा एक खेळ अपूर्णांकांचा आहे. पडद्यावर एक उभी संख्यारेषा असते. तिच्यावर थोड्याच पूर्ण संख्या लिहिलेल्या असतात आणि मधल्या मोकळ्या जागी फुगे बांधलेले असतात. फुगा कोणत्या संख्येवर आहे हे ओळखून विद्यार्थ्याने तो अपूर्णांक लिहावयाचा. लिहिताच एक बाण सुटतो आणि त्या संख्येच्या जागी जाऊन रुततो. अंदाज बरोबर असेल तर फुगा फुटतो.

समजा, फुगा १ आणि २ यांच्या दरम्यान आहे. विद्यार्थ्याने दीड लिहिले. बाण फुग्याच्या खाली लागला. मग त्याने पावणेदोन लिहिले; बाण थोडा वर लागला. आता त्याला दिसते की, इष्ट संख्या दीड आणि पावणेदोन यांच्यामध्ये कोठेतरी आहे. तो विचार करतो आणि एक पूर्णांक दोन तृतीयांश लिहितो. फुगा फुटतो.

येथे चूक झाल्यावर काय घडले, हे पाहण्याजोगे आहे. वहीवर लाल फुली मिळाली असती, तर 'चूक' एवढेच कळले असते. या खेळात रुतलेला बाण सांगतो की चूक कोणत्या दिशेने झाली आणि किती झाली. म्हणजे चूक हीच पुढच्या विचाराची सामग्री ठरते. शिवाय दीड ही पावणेदोनांपेक्षा लहान संख्या असून त्या दोहोंच्या मध्ये आणखी संख्या असतात, हे अपूर्णांकांचे मर्म विद्यार्थ्याला व्याख्या पाठ न करता डोळ्यांनी दिसते. चांगल्या शैक्षणिक खेळाची ही दुसरी खूण मानावी.

कडू औषध आणि साखर

सांप्रत जे ऑनलाइन खेळ विपुल प्रमाणात आढळतात, त्यांतील बहुसंख्य खेळांची रचना मात्र वेगळी असते. मुलगा मोटार पळवितो किंवा राक्षस मारतो. मध्येच खेळ थांबतो आणि '७ × ८ किती?' असा प्रश्न येतो. उत्तर दिले की पुन्हा मोटार पळू लागते. येथे गुणाकार आणि मोटार यांचा काहीएक संबंध नाही. कडू औषधाला साखर लावावी, तसा हा प्रकार होय. मुलांना हे तत्काळ कळते, आणि ती साखर चाटून औषध टाकून देण्याचा मार्ग शोधू लागतात.

या दोन प्रकारच्या रचनांची प्रत्यक्ष तुलना इंग्लंडमध्ये जेकब हॅबगुड आणि शारॉन एन्सवर्थ यांनी केली. तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यासाठी त्यांनी एक साहसाचा खेळ तयार केला होता. त्यात समोरून सांगाडे चालून येतात आणि प्रत्येकाच्या छातीवर एक संख्या असते. ती संख्या ज्या विभाजकाने निःशेष भागली जाईल, त्याचे शस्त्र वापरले तरच सांगाडा कोसळतो. ३५ या संख्येच्या सांगाड्यावर ५ चे शस्त्र चालते, ३ चे चालत नाही. याच खेळाची दुसरी आवृत्ती अशी की, तीत लढाई निराळी आणि भागाकाराचे प्रश्न प्रत्येक टप्प्याच्या अखेरीस वेगळे विचारले जात. दोन्ही आवृत्त्यांसाठी सारखाच वेळ देण्यात आला. सात ते अकरा वर्षांच्या मुलांवरील या प्रयोगात, भागाकार हाच ज्यात लढाईचा उपाय होता, त्या आवृत्तीने मुले अधिक शिकली. पुढे दोन्हींपैकी हवा तो खेळ खेळण्याची मोकळीक दिली, तेव्हा मुलांनी त्याच आवृत्तीवर सुमारे सातपट अधिक वेळ घालविला.

यावरून असे दिसते की, शिक्षण आणि रंजन यांची एकमेकांत भेसळ करावयाची नसते. शिकण्याची क्रिया हीच खेळातील चाल झाली पाहिजे. तसे झाले म्हणजे साखरेची गरज उरत नाही.

इतिहासातील एक प्रवास

गणिताप्रमाणेच इतिहास-भूगोलातही हे तत्त्व लागू पडते काय? १९७१ साली अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात डॉन रॉविच हा अध्यापनाचे प्रशिक्षण घेणारा तरुण आठवीच्या वर्गाला इतिहास शिकवीत होता. एकोणिसाव्या शतकात हजारो कुटुंबे बैल जुंपलेल्या गाड्यांतून मिसुरीपासून पश्चिमेकडील ओरेगॉनपर्यंत सुमारे ३,२०० किलोमीटरांचा प्रवास करून गेली. तो प्रवास मुलांना अनुभवता यावा म्हणून बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर या दोन मित्रांच्या साहाय्याने त्याने दोन आठवड्यांत एक संगणकीय खेळ रचला. वर्गात पडदा नव्हता. दूरध्वनीच्या तारेने दूरच्या संगणकाशी जोडलेला एक टेलिप्रिंटर होता, आणि संगणकाची उत्तरे कागदावर छापून येत.

हाती असलेल्या मर्यादित पैशांतून बैल, अन्न, दारूगोळा आणि कपडे यांवर किती खर्च करावा, हे मुलांनी आरंभीच ठरवावयाचे असे. अन्नावर कमी खर्च केल्यास वाटेत उपासमार; कपड्यांवर कमी केल्यास डोंगरातील थंडी. १९७४ साली रॉविचने मिनेसोटा राज्याच्या शैक्षणिक संगणक संस्थेसाठी हा खेळ पुन्हा उभा केला, तेव्हा त्याने त्या काळच्या प्रवाशांच्या रोजनिशा वाचल्या आणि आजार, वादळे, गाडी मोडणे इत्यादी आपत्ती खेळात किती वेळा याव्यात, हे त्यांवरून ठरविले. खेळाचे नियम हेच येथे इतिहासाचे ज्ञान होते.

परंतु याही खेळातील एक भाग आपल्या कसोटीस उतरत नाही. सुरुवातीच्या आवृत्तीत शिकार करावयाची असल्यास बंदुकीच्या बाराचा ध्वनी दर्शविणारा शब्द शक्य तितक्या लवकर टंकित करावा लागे. म्हणजे शिकार ज्याची बोटे चपळ त्याला साधे. इतिहासाच्या ज्ञानाशी तिचा संबंध नव्हता. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. हा सगळा प्रवास स्थलांतर करणाऱ्यांच्या दृष्टीने रचलेला होता. ज्या मूलनिवासी लोकांच्या भूमीतून ती वाट जात होती, त्यांची बाजू खेळणाऱ्याच्या वाट्यास येत नसे. २०२१ साली निघालेल्या एका नव्या आवृत्तीत मूलनिवासी इतिहासकारांचे साहाय्य घेऊन ही उणीव दूर करण्याचा प्रयत्न झाला. खेळाचे नियम कोणीतरी केलेले असतात आणि त्यांतून करणाऱ्याची दृष्टी व्यक्त होते, हे विद्यार्थ्यांना सांगण्याची जबाबदारी शिक्षकावर येते.

तरफेचा खेळ आणि फसवा विजय

न शिकता जिंकणे कसे शक्य होते, हे विज्ञानाच्या एका उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली कार्ल वीमन या भौतिकशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने 'फेट' हा उपक्रम सुरू झाला. वीमन यांना त्याच्या आदल्या वर्षी नोबेल पारितोषिक मिळाले होते. या उपक्रमातील पडद्यावरचे प्रयोग विनामूल्य उपलब्ध असून त्यांतील पुष्कळांची भाषांतरे मराठीसह अनेक भारतीय भाषांत झालेली आहेत. त्यांपैकी एकात मधोमध टेकू असलेली फळी दिसते. तिच्या दोन्ही बाजूंना निरनिराळ्या अंतरांवर वजने ठेवता येतात. खेळाच्या भागात आधी विचारतात : फळीखालचे आधार काढून घेतले तर फळी कोणीकडे झुकेल?

मुले अशा प्रश्नांचा विचार कसा करतात, याचे विवेचन रॉबर्ट सीग्लर या मानसशास्त्रज्ञाने १९७६ साली केले होते. त्याच्या मते मुलांच्या विचाराच्या चार पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवरील मूल फक्त वजन पाहते : जड बाजू खाली जाणार. दुसऱ्या पायरीवरील मूल वजने सारखी असतील तेव्हाच अंतराकडे लक्ष देते. तिसऱ्या पायरीवर दोन्हींचा विचार होतो. पण एका बाजूस वजन जास्त आणि दुसऱ्या बाजूस अंतर जास्त असले की मूल गोंधळते. चौथ्या पायरीवर वजन आणि टेकूपासूनचे अंतर यांचा गुणाकार करावयाचा, हे उमगते.

आता पुढील प्रश्न पाहावा. डावीकडे २ मीटरांवर २० किलोग्रॅम आणि उजवीकडे १ मीटरावर १० किलोग्रॅम. पहिल्या पायरीवरील मूल म्हणेल 'डावी बाजू खाली', आणि त्याचे उत्तर बरोबर येईल! चौथ्या पायरीवरील मूलही तेच म्हणेल. पडद्यावर दोघांनाही सारखेच गुण मिळतील. असे दहा प्रश्न विचारले, तर तरफेचा नियम न कळलेले मूल दहापैकी दहा गुण मिळवून उठेल आणि त्याची चुकीची समजूत अधिकच दृढ होईल.

याऐवजी डावीकडे १ मीटरावर १५ किलोग्रॅम आणि उजवीकडे दीड मीटरावर १० किलोग्रॅम असा प्रश्न घ्यावा. फक्त वजन पाहणारे मूल 'डावीकडे' म्हणेल. प्रत्यक्षात १५ × १ = १५ आणि १० × १.५ = १५; फळी समतोल राहते. आधार काढले, फळी हलली नाही, आणि मूल चकित झाले. शिक्षणाचा आरंभ त्या आश्चर्यातून होतो. म्हणून शिक्षकाने खेळ निवडताना त्यातील प्रश्न स्वतः सोडवून पाहावेत आणि चुकीचा नियम वापरूनही बरोबर उत्तर येते की काय, हे तपासावे. पडद्यावरील गुणांचा अर्थ त्यावाचून कळत नाही.

गुण मिळविण्याच्या क्लृप्त्या

संगणकाला उत्तराची पद्धत दिसत नाही, फक्त उत्तर दिसते, ही गोष्ट मुले लवकर ओळखतात. पर्याय एकामागून एक दाबत राहावे, किंवा 'मदत' हे बटन पुनःपुन्हा दाबून उत्तर काढून घ्यावे, अशा क्लृप्त्या ती योजतात. रायन बेकर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील माध्यमिक वयाच्या मुलांचे संगणकावर गणित शिकताना निरीक्षण करून २००४ साली आपले निष्कर्ष मांडले. अशा क्लृप्त्या करणारी मुले स्पष्टपणे कमी शिकत, असे त्यांस आढळले. विशेष म्हणजे काम सोडून शेजाऱ्याशी गप्पा मारण्याचा शिकण्यावर तितका परिणाम झालेला दिसला नाही. बोलणारे मूल शिक्षकाच्या नजरेस येते. मुकाट्याने बटने दाबणारे मूल मात्र अभ्यासात गढलेले भासते. संगणकखोलीतील शांततेवर म्हणूनच फार विसंबू नये.

भारतीय शाळांतील उपयोग

भारतातील परिस्थिती विचारात घेता आणखी काही प्रश्न उपस्थित होतात. शासनाच्या २०२३-२४ सालच्या शालेय पाहणीनुसार देशातील सुमारे ५७ टक्के शाळांत चालू स्थितीतील संगणक आणि सुमारे ५४ टक्के शाळांत इंटरनेटची सोय होती. जेथे संगणक आहेत तेथेही ते मुलांच्या मानाने थोडेच असतात. परंतु ही अडचण काही अंशी लाभदायकही ठरू शकते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेच्या सहकार्याने २०१५ साली 'क्लिक्स' नावाचा उपक्रम हाती घेतला आणि तो राजस्थान, छत्तीसगड, तेलंगण व मिझोराम या राज्यांतील सरकारी शाळांत राबविला. चौकोनांच्या गुणधर्मांवर आधारलेला एक खेळही त्यात होता. एकमेकांच्या साहाय्याने शिकणे आणि चुकांतून शिकणे ही या उपक्रमाची मूलसूत्रे होती. एका संगणकापुढे दोन मुले बसली, म्हणजे चाल करण्यापूर्वी एकाला दुसऱ्याची समजूत घालावी लागते. 'का?' हा प्रश्न संगणक विचारीत नाही. शेजारी बसलेला मित्र विचारतो.

इंटरनेट बेभरवशाचे असेल, तेथे आधी उतरवून घेता येणारे खेळ निवडावेत. फेटचे प्रयोग असे उतरवून घेऊन जोडणीवाचूनही चालविता येतात. ऑनलाइन खेळ आज आहे तो उद्या असेलच असेही नाही. 'फ्लॅश' या तंत्रावर चालणारे असंख्य शैक्षणिक खेळ, त्या तंत्राचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी काढून घेण्यात आल्यामुळे, एकाएकी निरुपयोगी झाले. पाठ्यपुस्तक कपाटात राहते. ऑनलाइन खेळाची तशी शाश्वती नसते.

मुलांच्या खाजगी माहितीचाही विचार अगत्याचा आहे. कित्येक खेळ आरंभीच नाव, वय, छायाचित्र वा दूरध्वनी क्रमांक मागतात. २०२३ च्या अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आणि मुलांना उद्देशून जाहिराती करण्यास मनाई, अशा तरतुदी आहेत. ज्या खेळास नाव सांगावे लागत नाही आणि ज्यात जाहिराती नाहीत, तो खेळ शाळेसाठी केव्हाही श्रेयस्कर होय.

एक तास कसा घ्यावा?

चाळीस मिनिटांच्या तासात सगळा वेळ खेळण्यात घालविणे इष्ट नाही. पहिली पाच मिनिटे शिक्षकाने एकच प्रश्न फळ्यावर लिहावा, उदाहरणार्थ, 'हलके वजन जड वजनाला उचलू शकेल काय?' मुलांनी आपापले भाकीत वहीत लिहावे. पुढील वीस मिनिटे जोडीजोडीने खेळावे. मात्र प्रत्येक चालीपूर्वी उत्तर मोठ्याने सांगावे आणि फसलेली चाल वहीत टिपून ठेवावी. उरलेली पंधरा मिनिटे पडदे बंद करून चर्चा करावी. कोणती चाल फसली? का फसली? कोणता नियम सर्व प्रसंगी लागू पडतो?

शेवटी तो नियम पडद्याबाहेर तपासून पाहावा. तीस सेंटिमीटरची पट्टी एका पेन्सिलीवर मधोमध ठेवावी. मध्यापासून ६ सेंटिमीटरांवर दोन नाणी आणि दुसऱ्या बाजूस ४ सेंटिमीटरांवर तशीच तीन नाणी रचावी. २ × ६ = १२ आणि ३ × ४ = १२; काळजीपूर्वक ठेवल्यास पट्टी समतोल राहते. जे विद्यार्थी हे भाकीत स्वतः करतील, ते खेळ खऱ्या अर्थाने जिंकले असे समजावे. ज्या शाळेत संगणक नाही, तेथेही पट्टी आणि नाणी असतात. तेथे याच प्रश्नाने आरंभ करून याच चर्चेने शेवट करता येईल.

याच्या पुढची पायरी म्हणजे मुलांनी स्वतः खेळ रचणे. मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या 'स्क्रॅच' या विनामूल्य साधनाने शाळकरी मुलांनाही ते साधते. अपूर्णांकांचा खेळ रचणाऱ्या मुलीला प्रथम ठरवावे लागते की, खेळणारा कोठे चुकेल आणि त्याला ती चूक कशी दाखवावी. हा विचार शिक्षकाचा आहे. आणि दुसऱ्यास शिकविताना आपले ज्ञान पक्के होते, हा अनुभव तर सर्वांच्याच परिचयाचा आहे.

सारांश, ऑनलाइन खेळ हे ना जादूची कांडी, ना वेळेचा अपव्यय. खेळातील चाल हीच शिकावयाची क्रिया आहे काय, चूक झाल्यावर पुढचा विचार सुचतो काय, चुकीच्या नियमाने जिंकता येते काय आणि मुलांची माहिती सुरक्षित राहते काय, हे चार प्रश्न ज्याने विचारले, त्याला नवा खेळ पारखण्यास फार वेळ लागणार नाही. घंटा झाल्यावर वर्गाबाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यास किती गुण मिळाले, हे विचारण्यापेक्षा कोणती चाल फसली आणि का फसली, हे विचारावे. त्याला ते सांगता आले, तर तो तास कारणी लागला.